परिवर्ती झडप समयन

परिवर्ती झडप समयन किंवा व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (संक्षेपाने व्हीव्हीटी) हे अंतर्ज्वलन इंजिनातील झडपा उघडण्याची व मिटण्याची वेळ इंजिन चालू असतानाच बदलणारे तंत्र होय. जुन्या इंजिनांत ही वेळ कारखान्यात एकदा ठरली की कायम राही. व्हीव्हीटी असलेल्या इंजिनात ती फेऱ्यांचा वेग, भार आणि तापमान पाहून सतत बदलत राहते. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारगाड्यांत या तंत्राचा कोणता ना कोणता प्रकार वापरलेला असतो.

## पार्श्वभूमी

चार स्ट्रोकच्या इंजिनात एका आवर्तनासाठी क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात आणि तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून झडपा चालवणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. दोहोंना जोडणारी साखळी किंवा दातेरी पट्टा त्यांचे परस्परांशी असलेले नाते पक्के ठेवतो. कॅमच्या उंचवट्याचा आकार झडप किती उचलली जाईल आणि किती अंश उघडी राहील हे ठरवतो, तर कॅमशाफ्टचा क्रँकशाफ्टशी असलेला कोन ती केव्हा उघडेल हे ठरवतो. उचल, कालावधी आणि वेळ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकांत आणि जाहिरातींत त्यांची बरीच सरमिसळ होते.

पाठ्यपुस्तकातील प्राथमिक आकृतीत इनटेक झडप पिस्टन वरच्या टोकाला असताना उघडते व खालच्या टोकाला मिटते. प्रत्यक्षात तसे करून चालत नाही. एखाद्या सर्वसाधारण इंजिनात ही झडप वरच्या टोकाच्या सुमारे १० अंश आधी उघडते व खालचे टोक ओलांडल्यावर सुमारे ५० अंशांनी मिटते, म्हणजे एकूण २४० अंश उघडी राहते. याचे कारण हवेच्या जडत्वात आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्या असताना पिस्टनची एक धाव अवघ्या ५ मिलिसेकंदांत संपते. नळीतून वेगाने येणारा हवेचा स्तंभ एवढ्या अवधीत थांबत नाही. पिस्टन वर परतू लागला तरी हवा आत शिरतच राहते. झडप उशिरा मिटली तर ही जादा हवा पदरात पडते.

हीच वेळ ८०० फेऱ्यांना मात्र घातक ठरते. त्या वेगाला एक धाव ३७.५ मिलिसेकंद चालते, हवेला फारसा वेग नसतो आणि वर येणारा पिस्टन आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग उघड्या झडपेतून परत नळीत ढकलतो. त्यामुळे खालच्या वेगाला इंजिन अशक्त वाटते.

दुसरी अडचण दोन्ही झडपा एकाच वेळी थोड्या उघड्या असण्याच्या काळाची, म्हणजे ओव्हरलॅपची आहे. एक्झॉस्ट धाव संपताना बाहेर धावणारा धूर आपल्या मागे कमी दाब निर्माण करतो व ताज्या मिश्रणाला आत ओढतो. वरच्या वेगाला हा काळ जितका मोठा तितका लाभ अधिक. पण गाडी उभी असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे, इनटेक नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो. अशा वेळी धूर उलट दिशेने नळीत शिरतो, ज्वलन बिघडते आणि इंजिन थरथरते. शर्यतीच्या गाड्या उभ्या असताना अडखळत धडधडतात, त्यामागे मोठ्या ओव्हरलॅपचे कॅम हे एक प्रमुख कारण असते.

स्थिर वेळेच्या इंजिनात रचनाकाराला यांपैकी एक बाजू निवडावी लागे. शहरात नरम चालणारी गाडी महामार्गावर दमे, आणि महामार्गावर धावणारी शहरात कुरकुर करी. ही निवड टाळणे हा व्हीव्हीटीचा मूळ हेतू आहे.

## फेजरची रचना

सर्वांत प्रचलित प्रकारात कॅमशाफ्टच्या टोकाला फेजर नावाचा भाग बसवलेला असतो. त्याचे बाहेरचे कवच साखळीच्या दातेरी चक्राला जोडलेले असते व आतील पात्यांचा रोटर कॅमशाफ्टला. पात्यांच्या दोन्ही बाजूंना लहान कप्पे असतात आणि त्यांत इंजिनाचेच वंगणतेल दाबाने सोडले जाते. एका बाजूच्या कप्प्यांत तेल भरले व दुसऱ्या बाजूचे सोडून दिले, की रोटर कवचाच्या तुलनेत किंचित पुढे सरकतो आणि झडपा लवकर उघडतात. उलट केले की त्या उशिरा उघडतात. साखळी तशीच फिरत असते, फक्त तिच्या आणि कॅमशाफ्टच्या मधला कोन बदलतो. क्रँकशाफ्टच्या हिशेबाने हा बदल बहुधा ४० ते ६० अंशांच्या मर्यादेत असतो.

तेल कोणत्या कप्प्यात जावे हे विद्युत्चुंबकीय झडप ठरवते व तिला आज्ञा इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, देतो. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट या दोहोंवरील संवेदक सेकंदाला अनेकदा आपापली स्थिती कळवतात. हवा तो कोन आणि प्रत्यक्षातील कोन यांत फरक दिसला, की ईसीयू तेलाचा प्रवाह दुरुस्त करतो. इंजिन सुरू होताना तेलाला दाब नसतो. तेव्हा रोटर मोकळा राहून खडखडू नये म्हणून एक खिट्टी त्याला कवचाशी अडकवून ठेवते. दाब चढला की ती सुटते.

एक्झॉस्ट झडपांसाठीही वेगळा फेजर असल्यास त्या रचनेस दुहेरी व्हीव्हीटी म्हणतात. मध्यम भाराला ओव्हरलॅप मुद्दाम वाढवून थोडा धूर सिलिंडरमध्येच ठेवता येतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण घटते. शिवाय थ्रॉटल अधिक उघडा ठेवता येत असल्याने हवा ओढण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. इनटेक झडप बरीच उशिरा मिटवून संपीडनापेक्षा प्रसरण मोठे ठेवण्याची ॲटकिन्सन पद्धतही याच साधनाने साधते. संकरित गाड्यांत ती विशेष आढळते.

## उचल बदलणारे प्रकार

फेजर झडपेची वेळ सरकवतो, मात्र ती किती काळ व किती उघडी राहते हे बदलत नाही. त्यासाठी वेगळ्या यंत्रणा आहेत. होंडाच्या व्हीटेकमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या झडपजोडीसाठी तीन उंचवटे व तीन रॉकर असतात. कमी वेगाला बाजूचे दोन सौम्य उंचवटे काम करतात. ठरावीक वेगानंतर तेलाच्या दाबाने खिट्ट्या सरकून तिन्ही रॉकर एक होतात व मधला मोठा उंचवटा झडपा चालवू लागतो. काटेकोर अर्थाने मूळ व्हीटेक हे कोन सरकवणारे तंत्र नव्हे, तर एका कॅमवरून दुसऱ्यावर जाणारे आहे. कोन सरकवण्याची सोय पुढे आय-व्हीटेकमध्ये जोडली गेली. बीएमडब्ल्यूच्या व्हॉल्व्हट्रॉनिकमध्ये विद्युत मोटर एका विकेंद्री दांड्याद्वारे उचल सलग कमीजास्त करते, त्यामुळे हवेचे नियंत्रण मुख्यतः झडपेनेच होते. फियाटच्या मल्टीएअरमध्ये कॅम आणि इनटेक झडप यांच्यामध्ये तेलाचा स्तंभ असतो व तो हवा तेव्हा सोडून देता येतो.

## इतिहास

झडपांची वेळ चालू यंत्रात बदलण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. १८४०च्या दशकातील स्टीफन्सन झडपयंत्रणेमुळे वाफेच्या इंजिनाचा चालक एका दांड्याने वाफ किती काळ आत सोडायची ते ठरवू शके. चढावर जास्त आणि सपाटीवर कमी वाफ सोडून कोळसा वाचवला जाई.

उत्पादनातील मोटारीत हे तंत्र प्रथम आणण्याचा मान इटलीच्या अल्फा रोमिओकडे जातो. १९८० मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या स्पायडर गाडीत ज्यांपाओलो गार्चेआ यांनी विकसित केलेली यंत्रणा बसवण्यात आली. तेथील प्रदूषणाचे कडक निकष पाळण्यासाठी तिचा उपयोग झाला. म्हणजे या तंत्राच्या मुळाशी केवळ वेगाचा हव्यास नव्हता. १९८९ मध्ये होंडाने इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणले. टर्बो नसलेल्या १.६ लिटर इंजिनातून १६० अश्वशक्ती मिळाल्याने त्याचा बराच गाजावाजा झाला. बीएमडब्ल्यूचे व्हॅनोस १९९२ मध्ये, तर टोयोटाचे कोन सलग बदलणारे व्हीव्हीटी-आय १९९०च्या दशकाच्या मध्यास आले. २००१ मध्ये व्हॉल्व्हट्रॉनिक आणि २००९ मध्ये मल्टीएअर बाजारात आले. डिझेल इंजिनात हवा अडवणाऱ्या थ्रॉटलची गरज नसल्याने तेथे लाभ मर्यादित आहे, तरी मित्सुबिशीने २०१० मध्ये प्रवासी गाडीच्या डिझेल इंजिनात त्याचा वापर केला.

भारतात होंडा सिटीमुळे व्हीटेक हे नाव सर्वपरिचित झाले. पुढे मारुती सुझुकी, ह्युंदाई आदींच्या लहान गाड्यांतही व्हीव्हीटी आले. दुचाकींत २०१८ मध्ये आलेल्या यामाहा आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ७,४०० फेऱ्यांना इनटेक कॅम बदलणारी यंत्रणा आहे.

## देखभाल व बिघाड

फेजर तेलावर चालत असल्याने त्याचे आयुष्यही तेलावर अवलंबून असते. वेळेवर न बदललेल्या तेलातील गाळ विद्युत्चुंबकीय झडपेची बारीक जाळी तुंबवतो. उत्पादकाने सांगितलेल्यापेक्षा फार दाट तेल घातल्यास फेजर मंद हलतो. सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर ऐकू येणारी खडखड, उभ्या गाडीत इंजिनाची थरथर, ओढ कमी होणे व इंजिनाचा दिवा लागणे ही नेहमीची लक्षणे आहेत. इनटेक कॅम अपेक्षेपेक्षा पुढे असल्यास ईसीयूत बहुधा पी००११ हा संकेतांक नोंदला जातो. मात्र त्यावरून थेट फेजर बदलणे घाईचे ठरते. तेलाची पातळी, त्याचा प्रकार, विद्युत्चुंबकीय झडप आणि साखळीचा ताण हे क्रमाने तपासल्यास अनेकदा दोष स्वस्तात सापडतो.

ताणलेल्या साखळीकडे दुर्लक्ष करणे मात्र महागात पडते. साखळीने दाते सोडले तर झडपा व पिस्टन यांचे नातेच तुटते, आणि ज्या इंजिनांत दोहोंच्या हालचालीची जागा सामाईक असते तेथे पिस्टन उघड्या झडपेवर आदळून ती वाकवतो. फेजर स्वतः हे घडवू शकत नाही, कारण त्याच्या कवचातील थांबे रोटरला सुरक्षित मर्यादेपलीकडे जाऊ देत नाहीत.