दहापर्यंत मोजता येतं ना? आशाताईंच्या प्रशिक्षणाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्या काकूपासून सुरू होते.

काकू आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात आशाताई आहे. मागे एकदा ती कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली. मी विचारलं, "काय शिकवलं गं?" तर म्हणाली, "काय सांगू लेकरा, पडद्यावर अक्षरं पळत होती. सही केली, जेवण केलं अन् गाडी गाठली."

तेव्हा मी हसलो. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. कारण हीच काकू घरोघरी जाऊन नवजात लेकराचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. तिचं मोजणं चुकलं तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. मग हे तिला कुणी शिकवलं? आणि मुळात मोठ्या माणसांना असं काही शिकवायची पद्धत आली कुठून? शोधत गेलो तर रस्ता आधी जामखेडला आणि तिथून गडचिरोलीला गेला.

साल १९७०. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आलं आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला राहिलं. दुष्काळी भाग. हजार लेकरं जन्मली की त्यातली १७६ वर्षाच्या आत जायची. आरोळ्यांनी आधी सरळ विचार केला, की शिकलेल्या नर्सबाई गावागावात ठेवू. पण परगावची तरुण मुलगी खेड्यात एकटी राहणार कशी? राहिली तरी तिचं ऐकणार कोण? मग ठरलं, बाई गावातलीच घ्यायची. आणि निवडायची गावानेच.

आता बघा, निवडून आलेल्या कितीतरी बायांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. बऱ्याच जणी दलित समाजातल्या. कुणाची लेकरं मोठी झालेली, कुणाला नवऱ्याने टाकलेलं. यांना गरोदरपण, जुलाब, लसीकरण शिकवायचं. पुस्तक देऊन उपयोग नाही. फळ्यावर लिहून उपयोग नाही.

जामखेडची युक्ती ऐकायला अगदी साधी वाटते. या बाया दर आठवड्याला प्रशिक्षणाला यायच्या, मुक्काम करायच्या. एकत्र जेवण, एकत्र झोपणं. त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीत बसणं हाच मोठा धडा होता. मग प्रत्येक जण आपल्या गावात काय घडलं ते सांगायची. कुणाच्या घरी जुलाब, कुठे बाळंतपण अडलं, कुठे सासूने लस टोचू दिली नाही. त्यावर सगळ्यांनी डोकं चालवायचं. नवा धडा थोडासाच, चित्रं दाखवून, करून बघून. तो घेऊन गावात जायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. जुन्या बाया नव्यांना शिकवायच्या. आणि बराचसा वेळ रोगांवर नाही, तर "मला हे जमतं" असं त्यांना स्वतःला वाटावं यासाठी जायचा. १९७६ पर्यंत त्या भागातला १७६ चा आकडा ५२ वर आला होता. सगळं श्रेय प्रशिक्षणाचं नाही. पाणी, अन्न, शेती यांवरही तिथे काम झालं. पण गावात ते पोचवणाऱ्या याच बाया होत्या.

सरकारनेही अशा कल्पनेवर हात टाकला. २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर योजना सुरू झाली, हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, पण एकदाच. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. मानधन महिन्याला ५० रुपये. काही वर्षांत योजनेचं नाव दोनदा बदललं आणि ती हळूहळू विझली. निवडीतलं राजकारण, तुटपुंजे पैसे, अशी कारणं बरीच सांगतात आणि ती खरीही आहेत. मला मात्र ते "एकदाच" फार खटकतं. तीन महिने डोक्यात भरलं आणि गावात सोडून दिलं. पहिलाच अवघड पेशंट आला की विचारायचं कुणाला?

आता गडचिरोली, या गोष्टीतला माझा आवडता भाग. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती. ओळखायची खूण म्हणजे जलद श्वास. तो मोजायचा तर गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत आकडे यायला हवेत, आणि कित्येकींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. कुणी म्हटलं असतं, आधी यांना साक्षर करा. बंगांनी साधनच बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर श्वास जलद. झालं! दहापर्यंत मोजता आलं की काम भागलं.

पुढे त्यांनी गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासणं तिच्या कामात आलं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. त्यासाठीचं प्रशिक्षण कागदावर बघा, वीस दिवसांचं, पण चार टप्प्यांत. मधे गावात जाऊन काम करायचं, मग पुढचा टप्पा. ही जामखेडचीच चाल आहे. फक्त राज्याचे प्रशिक्षक जिल्ह्याला शिकवणार, जिल्ह्याचे आशांना, असं करत करत ते हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगावपर्यंत पोचेस्तोवर कुठे कुठे त्याचा नुसता पडदा उरतो. आशांनी आपल्या गावातलं सांगायचं असतं, तो वेळच स्लाईडमध्ये जातो.

परवा काकूला परत विचारलं, "श्वास मोजायला तुला खरं कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "आमच्या गटप्रवर्तक ताईंनी. माझ्यासंगं एका बाळंतिणीच्या घरी आल्या अन् म्हणल्या, मोज. मी मोजले चौपन्न. त्यांनी मोजले साठ. म्हणल्या, लेकरू हललं की तू थांबलीस, पण घड्याळ चालूच होतं ना? परत मोज. तिसऱ्या खेपेला दोघींचं जुळलं."

तुमच्या घरात, गल्लीत कुणी आशाताई असतील तर त्यांना हाच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.