पाहुण्याचे घर

खिशात बेताचे पैसे आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता नाही, अशा स्थितीत बाल्कन देशांतून हिंडणाऱ्या प्रवाशांची परंपरा जुनी आहे. त्यांची वर्णने वाचताना आम्हांला नेहमी वाटते की, त्यांचे धाडस खरेच. पण प्रवास स्वस्तात झाला तो दुसऱ्या कोणी खर्च सोसला म्हणून. तो कोणी आणि का सोसला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

तुर्की अमलात शहरांतून ही सोय धर्मादायातून होई. बोस्नियाचा सुभेदार गाझी हुस्रेव बेग याने सोळाव्या शतकात सारायेव्होत मशीद व मदरसा उभारला, तसाच वाटसरूंना विनामूल्य अन्न व निवारा देणारा मुसाफिरहानाही चालविला. आपला मुसाफिरखाना तो हाच शब्द होय.

उत्तर आल्बेनियाच्या डोंगरांत मात्र सुलतानाचा अंमल नावापुरताच होता. तेथे सत्ता होती ती लेक दुकाग्यिनीच्या नावाने चालणाऱ्या कानूनची. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललेला हा कायदा श्तेफेन ग्येचोव्ह या फ्रान्सिस्कन पाद्र्याने गोळा केला. १९२९ मध्ये त्याचा खून झाला. ग्रंथ १९३३ साली निघाला. या कानूनप्रमाणे घर देवाचे आणि पाहुण्याचे. भाकरी, मीठ आणि मन एवढे तरी दारी आलेल्यास द्यावेच. वडिलांचा अपराध करणाऱ्यास क्षमा करता येते, पाहुण्याचा अपराध करणाऱ्यास नाही. म्हणजे अनोळखी माणसास आत घेणारा यजमान प्रसंगी आपल्या कुळाचे रक्त गहाण टाकीत असे.

एडिथ डरहॅम ही इंग्रज चित्रकर्ती याच डोंगरांत हिंडली. आजारी आईच्या शुश्रूषेत प्रकृती खालावली, म्हणून हवापालटासाठी ती १९०० साली प्रथम बाल्कनात आली आणि तेथलीच झाली. तिच्या १९०९ च्या आल्बेनियावरील पुस्तकात आतिथ्य आहे, तशीच सुडापायी उजाड झालेली घरेही आहेत. दोन्ही एकाच कायद्याची फळे, हे तिने लपविले नाही.

या रिवाजाची खरी कसोटी १९४३ साली लागली. इटलीच्या शरणागतीनंतर जर्मन फौजा आल्बेनियात शिरल्या. तेव्हा खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी, ज्यांत मुसलमान पुष्कळ होते, आश्रयास आलेल्या ज्यूंना आपले कपडे व आपली नावे देऊन घरात ठेवले. दिलेल्या शब्दाला तेथे ‘बेसा’ म्हणतात. महायुद्ध संपले तेव्हा आल्बेनियात ज्यूंची संख्या पूर्वीपेक्षा अधिक होती. तथापि शेजारच्या कोसोव्होत १९४४ मध्ये शेकडो ज्यू पकडले गेले, आणि पकडणाऱ्यांत आल्बेनियनही होते. रिवाज एकच, तो पाळावयाचा की मोडावयाचा हे माणसानेच ठरविले.

पुढे एन्व्हर होक्साच्या राजवटीत परदेशी माणूस देखरेखीखालीच फिरे; त्याच्याशी बोलणेसुद्धा संशयास्पद ठरे. जे दार जर्मनांच्या धाकाने बंद झाले नाही, ते स्वकीयांच्या धाकाने बंद झाले. १९९१ नंतर ते पुन्हा उघडले.

आज तरुण प्रवासी पाठीवर थैली टाकून त्या डोंगरांत जातात. त्यांनी अवश्य जावे. पुढ्यात आलेल्या कॉफीचे पैसे यजमान नाकारील. तेव्हा हे भोळेपण समजू नये. त्या पेल्यामागे एका समाजाने मोठी किंमत देऊन राखलेला शब्द आहे. तो ओळखून घोटभर प्यावे, आणि आपल्या दारी कोणी परका आला तर त्याची आठवण ठेवावी.