पाश्चात्त्य तत्त्वचिंतनाचे दोन प्रवाह : अमेरिका आणि युरोप खंड

आपल्याकडे ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ हा शब्द एकाच अखंड परंपरेचा वाचक म्हणून वापरला जातो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

अमेरिकेत चार्ल्स पर्स यांनी १८७८ मध्ये एक सूत्र मांडले : कल्पनेचा अर्थ तिच्यापासून संभवणाऱ्या व्यावहारिक परिणामांत शोधावा. विल्यम जेम्स यांनी १९०७ च्या ‘प्रॅग्मॅटिझम’ या ग्रंथात ते सत्याच्या संकल्पनेस लावले. हाच फलप्रामाण्यवाद होय. जॉन ड्यूई यांनी विचार हे समस्या सोडविण्याचे साधन मानून हा दृष्टिकोन शिक्षण व लोकशाहीपर्यंत नेला.

युरोप खंडात, विशेषतः जर्मनीत, प्रश्नच वेगळा होता. ज्ञान कोणत्या अधिष्ठानावर उभे आहे, हे एडमुंड हुसर्ल विचारीत होते. त्यांचे शिष्य मार्टिन हायडेगर १९२७ मध्ये ‘असणे’ म्हणजे काय, या प्रश्नाकडे वळले. १९०८ च्या हायडेलबर्ग येथील आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान परिषदेत फलप्रामाण्यवादावर कडाडून टीका झाली, ती या भेदामुळेच.

तथापि हा भेद केवळ भूगोलाचा नव्हे. ड्यूई आरंभी हेगेलचे अनुयायी होते. हुसर्ल यांनी जेम्स यांचे मानसशास्त्र आदराने वाचले होते. दरी रुंदावली ती १९३० नंतरच्या राजकारणाने. नाझी राजवटीच्या काळात रूडॉल्फ कार्नॅप यांच्यासारखे तार्किक अनुभववादी युरोप सोडून अमेरिकेत आले. त्याउलट हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले. पुढे अमेरिकन विद्यापीठांत भाषा व तर्क यांच्या विश्लेषणाला प्राधान्य मिळाले. या विश्लेषणाचा मोठा वारसा मुळात व्हिएन्नाचा होता, ही गोष्ट विसरली गेली. ‘खंडीय तत्त्वज्ञान’ हे नावही प्रामुख्याने इंग्रजीभाषक विद्वानांनी बाहेरून दिलेले आहे.

आपल्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते व ड्यूई तेथे त्यांचे गुरू होते. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी हे ऋण स्पष्टपणे नमूद केले आहे. परंपरेतील सर्वच जतन करावयाचे नसते, हा ड्यूई यांचा विचार तेथे जातिव्यवस्थेच्या चिकित्सेला आधार देतो. म्हणून बाबासाहेबांवरील ‘पाश्चात्त्य प्रभावा’विषयी लिहिताना, कोणत्या पश्चिमेचा प्रभाव, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम स्वतःला विचारला पाहिजे.