हैदराबाद मुक्तिसंग्राम : चार शब्द

१/ १५ ऑगस्ट १९४७. औट्रम घाटाखालचे चाळीसगाव स्वतंत्र झाले. घाटावरचे कन्नड आणि त्याच तालुक्यातील पिशोर मात्र निजामाच्या राज्यातच राहिले. पुढचे तेरा महिने समजून घेण्यासाठी चार शब्द.

२/ स्टेट काँग्रेस : १९३८ मध्ये स्थापनेआधीच निजामाने तिच्यावर बंदी घातली. तरीही सत्याग्रह झाला. स्वामी रामानंद तीर्थ हे तिचे नेते, तर औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ अग्रभागी.

३/ जैसे थे करार : २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व निजाम यांच्यात वर्षभरासाठी झाला. विलीनीकरण लांबणीवर पडले.

४/ रझाकार : मूळ अर्थ स्वयंसेवक. कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील या सशस्त्र दलाने गावोगावी दहशत माजवली. विलीनीकरणाची बाजू मांडणारे उर्दू संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली.

५/ पोलीस अ‍ॅक्शन : १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादेत शिरले ते भारतीय लष्कर. मात्र निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली होती. प्रश्न देशांतर्गत आहे, हे ठसवण्यास ‘पोलीस’ हा शब्द सोयीचा होता. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. त्यानंतरच्या हिंसेत हजारो मुसलमान मारले गेले, अशी नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली.

६/ नुसते ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले, तर दहा वर्षे लढलेले सत्याग्रही विस्मरणात जातात. नुसता ‘मुक्तिसंग्राम’ म्हटले, तर मुक्तीनंतर मारले गेलेले. १७ सप्टेंबरला झेंडा फडकतो, तेव्हा दोघांचीही आठवण व्हावी.