जैवपटलांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

जैवपटलांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन म्हणजे पृष्ठभागाला चिकटून समूहाने राहणाऱ्या जिवाणूंच्या थराची सूक्ष्मरचना इलेक्ट्रॉन शलाकेच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत होय. जैवपटलालाच बायोफिल्म असेही म्हणतात. नदीघाटाच्या पाण्याखालील पायऱ्यांवरची बुळबुळ, दातांवरील कीटण आणि जलवाहिन्यांच्या आत साचणारा चिकट थर ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. जैवपटलातील जिवाणू स्वतः स्रवलेल्या आधारद्रव्यात रुतलेले असतात. हे आधारद्रव्य बहुशर्करा, प्रथिने व पेशीबाह्य डीएनए यांचे बनलेले असून त्याचा बहुतांश भाग पाणी असतो.

इतिहास

आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरील कीटणात दिसलेल्या सूक्ष्मजीवांचे वर्णन केले. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत मर्यादित असल्याने जिवाणूंमधील आधारद्रव्याची रचना त्यातून उलगडत नसे. माक्स नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये जर्मनीत पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. १९६९ मध्ये जोन्स, रॉथ व सँडर्स यांनी सांडपाणी शुद्धीकरणाच्या गाळणीवरील थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासून जिवाणूंभोवतीचे द्रव्य बहुशर्करायुक्त असल्याचे दाखवले.

वैद्यकाच्या दृष्टीने १९८२ चा एक अभ्यास महत्त्वाचा ठरला. प्रतिजैविकांचे दीर्घ उपचार होऊनही ज्याच्या रक्तातील जंतुसंसर्ग पुनःपुन्हा उद्भवत होता, अशा रुग्णाच्या हृदयगती-नियामकाची तार मॅरी, नेलिगन व कॉस्टर्टन यांनी तपासली. तारेवर आधारद्रव्यात दडलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूंच्या वसाहती आढळल्या. औषध दिल्यावरही संसर्ग का उलटतो, याचे उत्तर त्या प्रतिमांमध्ये होते.

नमुन्याची तयारी

नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात असल्याने ओला नमुना तसाच ठेवता येत नाही. प्रथम तो ग्लुटारल्डिहाइडने स्थिर करतात व बहुधा त्यानंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइडची प्रक्रिया करतात. मग वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवून पाणी काढून टाकतात. उघड्यावर वाळवल्यास पृष्ठताणामुळे पेशी सुरकुततात. म्हणून अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून क्रांतिक बिंदूवर, म्हणजे सुमारे ३१ अंश सेल्सियस व ७४ बार दाबाच्या पलीकडे नेऊन, नमुना सुकवतात. शेवटी त्यावर सोने किंवा प्लॅटिनमचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देतात.

पद्धती

* क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन : शलाका पृष्ठभागावर ओळीने फिरते. वसाहतींची ठेवण व पृष्ठभागाशी असलेली त्यांची जवळीक दिसते.
* पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन : राळेत बसवलेल्या नमुन्याचे १०० नॅनोमीटरहून पातळ छेद घेतात. पेशीभित्ती व पेशींचा अंतर्भाग दिसतो. रुथेनियम रेड हे रंजक वापरल्यास आम्लधर्मी बहुशर्करा उठून दिसतात.
* शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन : नमुना इतक्या वेगाने गोठवतात की पाण्याचे स्फटिक बनत नाहीत. निर्जलीकरण टळते.
* पर्यावरणीय क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शन : कक्षात काही शे पास्कल दाबाची बाष्प राखून ओला नमुना पाहतात. विभेदन मात्र कमी मिळते.

मर्यादा

निर्जलीकरणात आधारद्रव्य आक्रसते. अशा प्रतिमांमध्ये पेशींना जोडणारे धागे किंवा जाळे दिसते. ते पुष्कळदा मूळ रचना नसून पाणी गेल्यावर उरलेला सांगाडा असतो. त्यामुळे एकाच जैवपटलाची ओली, गोठवलेली व सुकवलेली प्रतिमा परस्परांहून भिन्न दिसू शकते. एका पद्धतीने घेतलेल्या चित्रावरून पटलाची जाडी किंवा सच्छिद्रता ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते. नेहमीच्या प्रतिमेतून पेशी जिवंत होती की मृत, हे कळत नाही आणि केवळ आकारावरून जातीही निश्चित करता येत नाही. यासाठी प्रदीप्ती वापरणारे संनाभी सूक्ष्मदर्शन व डीएनए विश्लेषण यांची जोड देतात.

महाराष्ट्र व गोव्यातील संदर्भ

२०१५ मध्ये नाशिक येथे भरलेल्या सिंहस्थ कुंभमेळ्यात गोदावरीच्या पाण्यातील जिवाणूंचा अभ्यास पुण्याच्या संशोधकांनी डीएनए विश्लेषणाने केला; तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सामूहिक स्नानाच्या काळात पाण्यातील जिवाणूसमूहाची रचना बदलल्याचे त्यात आढळले. पाण्यात कोणते जिवाणू आहेत, हे अशा विश्लेषणातून समजते. पायरीच्या दगडावर ते कसे चिकटतात व कशात रुततात, हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शन लागते. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी जैवपटलांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. जहाजांच्या तळावर व बंदरातील बांधकामांवर प्रथम असे पटल बसते आणि पुढे त्यावर शिंपल्यांसारखे जीव वाढतात. यामुळे इंधनाचा खर्च व धातूची झीज वाढते.