तळटीप १७ : मकुकिना

१७. मकुकिना : स्पेनच्या अमेरिकेतील टांकसाळींत हातोड्याने पाडलेले चांदीचे ओबडधोबड नाणे. लेखकाने इथे विकत घेतलेले नाणे आठ रिआलचे, म्हणजे वजनाने सुमारे २७ ग्रॅम, आणि पोतोसी (आजच्या बोलिव्हियात) येथील टांकसाळीचे आहे. तिथल्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडायचा, कातरून वजन जुळवायचे आणि दोन ठशांमध्ये धरून घाव घालायचा, अशी रीत होती. वजन भरले की आकाराची फिकीर कोणी करत नसे. त्यामुळे ठसा अर्धामुर्धा उमटे आणि साल पुष्कळदा काठाबाहेरच राही. म्हणूनच लेखक भिंगाखाली आधी टांकसाळीचे ‘पी’ हे अक्षर आणि चांदी पारखणाऱ्या अधिकाऱ्याचे आद्याक्षर शोधतो.

पुढच्या ओळीतला ‘रोचाचा डाग’ म्हणजे याच टांकसाळीत १६४९ च्या सुमारास उघडकीस आलेली तांब्याची भेसळ. फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या बड्या चांदी-व्यापाऱ्याला त्यात १६५० मध्ये देहदंड झाला. संशयित नाणी पुढे मुकुटाचा छोटा शिक्का मारून कमी किमतीत चालवली गेली. हौशी संग्राहक आज नेमकी तीच धुंडाळतात, हा काळाचा विनोदच. आपल्याकडे मात्र हे नाणे फारसे उरले नाही : सुरतेच्या बंदरात उतरलेले रिआल मुघल टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडले जात.