गांवठाणाची रेषा आणि वाढतें घर

नवी मुंबईचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा खाडीवरील पुलापासून आणि सिडकोच्या आराखड्यापासून आरंभ होतो. मी आज त्याहून जुन्या अशा एका रेषेपासून आरंभ करणार आहें. ती रेषा म्हणजे गांवठाणाची हद्द.

गांवांतील राहत्या वस्तीची जागा तें गांवठाण. वस्ती कोठें संपते आणि शेत कोठें लागतें हें ठरविण्यासाठीं महसूल खात्यानें मोजणी करून ही हद्द आंखली. वाशी, शिरवणें, घणसोली, दिवाळें इत्यादि आगरी-कोळी गांवांत कोणास तिची फारशी आठवणही होत नसे. मुलगा कर्ता झाला, त्याचें लग्न झालें, कीं बापाच्या घराला लागून किंवा जवळच्या खाचराच्या कडेला त्याची निराळी चूल मांडली जाई. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यान्वयें बांधकामास पंचायतीची परवानगी लागे. पण परवानगी मागणारा आणि देणारा हे एकाच गांवचे असत.

17 मार्च 1970 रोजीं सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरील वस्तीचा भार हलका करावा, हा हेतु स्तुत्य होता. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गांवांचें, सुमारें 344 चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या नगरासाठीं मुक्रर झालें. शेतें आणि मिठागरें संपादिलीं गेलीं. गांवठाणें तेवढीं वगळलीं. वरवर पाहतां ही कृपाच वाटते. परंतु जी रेषा केवळ वस्ती आणि शेत यांची वांटणी दाखवीत होती, तिच्यावर आतां पुढील सर्व पिढ्यांचा निवारा अवलंबून राहिला. रेषेबाहेरच्या जमिनीचा शेतकरी मालकच उरला नव्हता. त्याला तेथें बांधकामाची परवानगी मिळणार कशी? रेषेच्या आंत पुष्कळांपाशीं मिळकतपत्रिका नव्हती, आणि रस्त्याची रुंदी व मोकळी जागा यांविषयींचे नगररचनेचे नियम त्या अरुंद आळ्यांत पाळणेंच कठीण होतें.

मी त्या पट्टींतील एका शाळेंत शिक्षक होतों. मुलांचीं नांवें दाखल करतांना पत्ता लिहावा लागे. आरंभीं एका घरक्रमांकावर दोन मुलें असत; पुढें त्याच क्रमांकापुढें अ, ब, क, ड अशीं अक्षरें लागूं लागलीं. एके दिवशीं एका विद्यार्थ्याचे वडील घराच्या भिंतीवर डकविलेली नोटीस घेऊन आले आणि 'अनधिकृत' या शब्दाचा अर्थ त्यांनीं विचारला. मीं तो सांगितला. क्षणभर थांबून ते म्हणाले, "गुरुजी, मग लेकानं संसार मांडावा तरी कुठं?" शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठें आंदोलन झालें. 16 व 17 जानेवारी 1984 रोजीं उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यांतून पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिचा हिशेब मास्तरकीच्या रीतीनें मांडतों. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. सार्वजनिक सोयींसाठीं पावणेचार टक्के वजा जातां हातीं उरले साडेतीन गुंठे. तेही सर्व वारसांत वांटावयाचे.

याच सुमारास बेलापूर येथें एक वेगळा प्रयोग चालला होता. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेचे एक प्रवर्तक चार्ल्स कोरिया यांनीं तेथें अल्प खर्चाच्या घरांची वसाहत रचली. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरांचे. परंतु शेजाऱ्याशीं भिंत सामाईक नाहीं, कारण कुटुंब वाढेल तसें घर वाढवितां यावें. म्हणजे घर हें माणसांबरोबर वाढतें, हें तत्त्व नगररचनाकारांस अज्ञात नव्हतें. जुन्या गांवांस मात्र तें लावलें गेलें नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गरजेपोटीं बांधलेल्या घरांच्या आडोशानें कित्येक ठिकाणीं केवळ नफ्यासाठीं मजले चढले. आळ्यांत ऊन उतरेना, आगीचा बंब शिरेना. तरीही कारखान्यांतील कामगारास परवडेल अशी भाड्याची खोली याच गांवांनीं दिली, हें विसरून चालणार नाहीं.

शासनानें 2010 सालीं गांवठाणाभोंवतालच्या 200 मीटरांतील, आणि 2022 सालीं 250 मीटरांपर्यंतच्या, प्रकल्पग्रस्तांच्या गरजेपोटीं झालेल्या बांधकामांस नियमित करण्याचे निर्णय घेतले. म्हणजे ती रेषा पुढें सरकूं शकते, हें चाळीस वर्षांनीं मान्य झालें. 1966 च्या जमीन महसूल संहितेनें गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आधींच दिलेला होता. तो आरंभींच वापरून प्रत्येक गांवास थोडी वाढीची जागा, रुंद रस्ता आणि सोपी परवानगी दिली असती, तर प्रामाणिक माणसावर स्वतःच्या गांवांत अपराधी ठरण्याची पाळी आली नसती. झालेल्या गोष्टीची माफी आणि वेळेवर दिलेली परवानगी यांत फार अंतर आहे.

पनवेलच्या आसपासच्या 'नैना' क्षेत्राच्या नियोजनाचें काम 2013 सालीं सिडकोकडेच सोंपविलें गेलें. त्या गांवांचा नकाशा पुढें ठेवून बसणाऱ्यांस या म्हाताऱ्या शिक्षकाची एकच विनंती आहे: गांवांतील घरें मोजाल तेव्हां घरांतले पाळणेही मोजा.